डीएससी म्हणतं तीस टक्के, एक्सआरडी म्हणतं शून्य: पॉलिमरच्या स्फटिकतेचे आकडे जुळत नाहीत तेव्हा

एकाच पॉलिमरचे दोन रिपोर्ट आणि स्फटिकतेचे, म्हणजे त्यातला किती भाग शिस्तीत रचलेल्या स्फटिकांचा आहे याचे, दोन वेगळे आकडे. ही तक्रार माझ्याकडे सारखी येते, कधी पीएचडीच्या विद्यार्थ्याकडून, कधी मोल्डिंग कारखान्यातल्या क्वालिटीवाल्याकडून. सोबत ठरलेला प्रश्न असतो, "यातलं कुठलं मशीन बिघडलंय?"

बहुतेक वेळा कुठलंच नाही. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) नमुना खोलीच्या तापमानाला जसा आहे तसा बघतं. डीएससी (उष्णता मोजणारं कॅलरीमीटर) तोच नमुना तापवतं, वितळवतं आणि त्याला किती उष्णता लागली ते सांगतं. म्हणजे मोजता मोजता डीएससीने नमुना बदलून टाकलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच भानगडी कागदावरच सुटतात, मशीनपर्यंत जावंच लागत नाही.

लक्षणं

- एक्सआरडीत नुसतं रुंद कुबड (अमॉर्फस, म्हणजे विस्कळीत भागाची खूण), एकही टोकदार पीक (स्फटिकांची खूण) नाही. डीएससीत मात्र वितळण्याचं पीक चांगलं भरघोस.
- दोन्हीकडे स्फटिकता आहे, पण आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांची तफावत.
- डीएससीत वितळण्याची दोन पीकं, एक्सआरडीत स्फटिकांचा एकच प्रकार. कधी उलटही.
- नायलॉनसारख्या नमुन्यात ५० ते १२० अंशांच्या दरम्यान पसरट एंडोथर्म (उष्णता शोषली गेल्याचं पीक).
- पीएलएमध्ये (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड) ६० अंशांच्या आसपास छोटं टोक, ज्याच्यावर कुणीतरी "मेल्टिंग" असं लिहून ठेवलंय.
- तोच नमुना पुन्हा लावला की एक्सआरडीची पीकं थोडी सरकलेली.

तफावत पाचेक टक्क्यांची असेल तर काहीच करू नका. दोन्ही पद्धती "स्फटिक" कशाला म्हणायचं हे वेगवेगळ्या तऱ्हेने ठरवतात, एवढा फरक राहणारच. दोन्हीकडे हुबेहूब तोच आकडा आला तर उलट मला जरा संशय येतो.

फुकटातल्या तपासण्या: आधी जुना ग्राफ नीट बघा

सगळ्यात आधी बघायचं ते ग्राफच्या कोपऱ्यात: एक्सोथर्म (उष्णता सुटल्याचं पीक) वर आहे की खाली? वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दिशा उलटसुलट असते. कोल्ड क्रिस्टलायझेशनचं (तापवताना वाटेतच स्फटिक बनण्याचं) पीक वितळण्याचं समजून दिलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत.

मग बघा, आकडा पहिल्या हीटचा (पहिल्यांदा तापवतानाचा) आहे की थंड करून पुन्हा तापवतानाचा, म्हणजे दुसऱ्या? पहिल्या हीटमध्ये नमुन्याचा इतिहास दिसतो: तो कसा मोल्ड झाला, किती वेगाने थंड झाला, किती महिने गोदामात पडून होता. दुसऱ्या हीटपर्यंत तो इतिहास पुसला गेलेला असतो आणि तुम्ही बघत असता ते डीएससीने दहा अंश प्रति मिनिटाने थंड केलेलं नवं पॉलिमर. एक्सआरडी मात्र मूळ तुकड्याचं केलेलं असतं. ग्रेडची ग्रेडशी तुलना करायची तर दुसरी हीट चांगली. एक्सआरडीशी ताळा घालायचा असेल तर पहिलीच घ्या. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पुढची गोष्ट कोल्ड क्रिस्टलायझेशनची. वितळवून झटकन थंड केलेलं पारदर्शक पेट (पीईटी, बाटल्यांचं प्लास्टिक) घ्या. तापवताना ७५-८० अंशांना काचसंक्रमण (अमॉर्फस भाग ताठचा मऊ होतो), १३० च्या आसपास एक्सोथर्म, २५० च्या आसपास वितळणं. समजा वितळण्याची उष्णता ४५ जूल प्रति ग्रॅम आली. पूर्ण स्फटिक पेटसाठी १४० धरले तर ३२ टक्के स्फटिकता. एक्सआरडी म्हणतं शून्य, आणि एक्सआरडीचंच बरोबर आहे. कारण वितळलेले बरेचसे स्फटिक मूळ नमुन्यात नव्हतेच, ते वाटेत १३० अंशांना तयार झाले. ते एक्सोथर्म समजा ३० जूलचं असेल, तर वितळण्यातून ते वजा करायचं.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण ४५ मधून ३० गेले तरी १५ उरतातच, म्हणजे जवळपास ११ टक्के. आणि एक्सआरडीचं शून्य काही हलत नाही. याला कारणं दोन. एक म्हणजे स्फटिक होताना सुटणारी उष्णता तापमानावर अवलंबून असते. द्रव पॉलिमरची विशिष्ट उष्णता घनापेक्षा जास्त, त्यामुळे १३० अंशांना एक ग्रॅम स्फटिक बनताना जेवढी उष्णता सुटते त्याहून जास्त उष्णता तोच ग्रॅम २५० ला वितळवायला लागते. दोन्हीकडे १४० ने भागणं म्हणूनच चुकतं. दुसरं, एक्सोथर्मचं टोक संपलं की स्फटिकीकरण संपलं असं नसतं. १५० पासून वितळेपर्यंत ते हळूहळू चालूच असतं, फक्त इतकं पसरट की डोळ्याला बेसलाइन वाटते. यावर सोपा उपाय म्हणजे दोन पीकं वेगवेगळी न मोजता काचसंक्रमणाच्या वरपासून वितळण्याच्या शेवटापर्यंत एकच सलग बेसलाइन टाकायची आणि निव्वळ क्षेत्रफळ घ्यायचं. तफावत पुरती जात नाही, पण बरीच कमी होते.

पीएलएमधलं ते ६० अंशांचं टोकही इथेच निकालात काढा. जुन्या, पडून राहिलेल्या पीएलएत काचसंक्रमणाच्या पायरीवर असं टोक चढतं. ती साठवणुकीत आवळत गेलेल्या अमॉर्फस भागाची सैलावण आहे, त्यात स्फटिकांचा संबंध नाही. दुसऱ्या हीटमध्ये टोक जातं, पायरी तेवढी उरते.

भागाकार कशाने केला?

शंभर टक्के स्फटिक पॉलिमर कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे त्याची वितळण्याची उष्णता हिशेबाने काढलेली असते आणि पुस्तकागणिक बदलते. पॉलिथिलीनला २९३ जूल प्रति ग्रॅम, पॉलिप्रॉपिलीनला २०७, पीएलएला ९३, हे आकडे सर्रास वापरले जातात. पेटला ११५ पासून १४० पर्यंत काहीही सापडतं. नायलॉन ६ साठी १९० आणि २३० हे दोन्ही चालू आहेत. रिपोर्टमध्ये भाजक लिहिलेला नसेल तर त्या टक्केवारीचा भरवसा धरू नका.

फिलरचा (पॉलिमरमध्ये मिसळलेल्या भरावाचा) हिशेब तर हमखास राहतो. तीस टक्के काचतंतू घातलेल्या नायलॉन ६ मध्ये ४८ जूल आले आणि सरळ २३० ने भागलं तर २१ टक्के. पण त्या पॅनमध्ये पॉलिमर सत्तरच टक्के होतं. आधी ०.७ ने भागा, मग स्फटिकता ३० टक्क्यांच्या आसपास जाते. डब्यावर "३० टक्के" लिहिलंय म्हणून ते मानू नका, मफल फर्नेसमध्ये थोडा माल जाळून राख तोला. नमुना लहान असेल तर टीजीए (तापवत तापवत वजन मोजणारं यंत्र).

वजनकाटा

डीएससीच्या पॅनमध्ये पाचेक मिलिग्रॅम माल असतो. तोलताना तीन दशांश मिलिग्रॅम इकडेतिकडे झाले की उष्णतेच्या आकड्यात सहा टक्के चूक आलीच. पॉलिमरच्या फिल्मवर स्थितिक विद्युत असते, काट्याचा आकडा डुलत राहतो. तो थांबेपर्यंत लिहू नका.

रन संपल्यावर पॅन पुन्हा तोला. खर्च शून्य, आणि माझ्या मते या पूर्ण यादीत सगळ्यात कमी वापरली जाणारी तपासणी. वजन घटलं असेल तर नमुन्यातून काहीतरी उडून गेलंय, बहुधा पाणी. नायलॉन ६ साध्या हवेत ठेवलं तरी अडीच-तीन टक्के ओलावा धरतं, कोकणातल्या पावसाळ्यात त्याहून जास्त. पाण्याच्या बाष्पीभवनाला ग्रॅममागे सुमारे २२६० जूल लागतात, म्हणजे अडीच टक्के ओलावा उडताना नमुन्याच्या ग्रॅममागे ५६ जूल खातो. नायलॉनच्या स्वतःच्या वितळण्याइतकीच ही रक्कम आहे! साध्या क्रिंप केलेल्या पॅनमधला तो ५० ते १२० अंशांचा पसरट एंडोथर्म हाच. नमुना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवा आणि एक्सआरडीलाही तोच सुकवलेला माल द्या. मात्र सुकवण्याचं तापमान वाजवी ठेवा. जास्त तापवलंत तर सुकवता सुकवता अ‍ॅनीलिंग होतं, म्हणजे उष्णतेने नवे स्फटिक बनतात, आणि सुकवण्याच्या तापमानाच्या थोडं वर एक नवीन छोटं पीक उगवतं.

तुकडा कुठून कापला?

पेटची बाटली समोर ठेवा. प्रीफॉर्मच्या (बाटली फुगवण्याआधीच्या जाड नळीच्या) तळाशी, जिथून माल साच्यात शिरतो त्या गेटपाशी, कधी कधी पांढुरकं वर्तुळ असतं. तो भाग हळू थंड झालेला, स्फटिक. प्रीफॉर्मची भिंत झटकन थंड झालेली, अमॉर्फस. फुगवलेल्या बाटलीची भिंत तितकीच पारदर्शक दिसते, पण ताणामुळे तिच्यात स्फटिक तयार झालेले असतात, इतके बारीक की प्रकाश विखरत नाही. गळ्याला ताण बसलेला नसतो. प्रीफॉर्म धरून एकाच बाटलीचे चार वेगवेगळे नमुने आहेत आणि "पारदर्शक म्हणजे अमॉर्फस" हा ठोकताळा इथे आपटतो.

इंजेक्शन मोल्डिंगच्या जाड भागात तेच, त्वचा वेगळी आणि गाभा वेगळा. तांब्याच्या ट्यूबचे किरण परावर्तन मांडणीत पॉलिथिलीनसारख्या हलक्या पॉलिमरमधून जी माहिती आणतात ती मुख्यतः वरच्या काही दशांश मिलिमीटरची. डीएससीसाठी तुम्ही ब्लेडने मधला तुकडा काढलात तर दोन यंत्रांनी दोन वेगळे पदार्थ पाहिले.

म्हणून क्रम ठरवून टाका: आधी एक्सआरडी, मग किरण जिथे पडले तिथूनच खरवडून डीएससी. एक्सआरडीने नमुना खराब होत नाही, डीएससीनंतर तो उरत नाही. ही एवढी शिस्त पाळली तरी माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी निम्म्या होतील.

आणि दळू नका. खलबत्त्यात पीएलए घासलं की ते ६० अंशांच्या पुढे तापू शकतं, आणि जोरात दळण्याने स्फटिक मोडतात ते वेगळंच. द्रव नायट्रोजनमध्ये दळणं बरं, तरी निर्धोक नाही. दळावंच लागलं तर दळलेल्या पुडीचीही डीएससी करा आणि न दळलेल्या तुकड्याशी ताडून बघा.

नमुना होल्डरमध्ये कसा बसवला?

सरकलेल्या पीकांचं कारण जवळजवळ नेहमी उंची असतं. गोनिओमीटरची (एक्सआरडीतल्या कोन मोजणाऱ्या चौकटीची) त्रिज्या २४० मिलिमीटर असेल आणि नमुना ठरलेल्या पातळीपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली बसला असेल, तर टू-थीटा (किरण वळण्याचा कोन, एक्सआरडीची पीकं यावर मोजतात) २१ अंशांच्या आसपासचं पीक सुमारे ०.२३ अंशांनी खालच्या कोनाकडे सरकतं. वर बसला तर वरच्या कोनाकडे. जाड तुकडा मातीवर दाबून बसवला की अर्धा मिलिमीटर कुठेही जातो. त्यात पॉलिमर किरणांना फारसं अडवत नाही, ते खोल शिरतात आणि पीक आणखी खाली ओढून रुंदही करतात. नमुन्यात कॅल्शियम कार्बोनेट असेल तर फुकटचं मानक मिळालं: कॅल्साइटचं पीक २९.४ अंशांवर आहे का बघा. नसेल तर चिमूटभर सिलिकॉन पूड भुरभुरा, त्याचं २८.४४ वर यायला हवं.

मग रिकामा होल्डर चालवून बघा, जी माती किंवा टेप वापरता तिच्यासकट. काचेच्या पट्टीचं कुबड २२ ते २५ अंशांत येतं, म्हणजे नेमकं पॉलिमरच्या कुबडाला चिकटून, आणि तुमची स्फटिकता फुकटात खाली जाते. ३८.५ आणि ४४.७ ला टोकदार पीकं दिसली तर ती अ‍ॅल्युमिनियमच्या होल्डरची, म्हणजे किरण नमुन्याबाहेर सांडतायत. ९.४ आणि २८.६ ला पीकं असतील तर ती टाल्कची, हाही एक फिलर. लोखंडाचा तांबडा रंग घातलेल्या मालात तांब्याच्या ट्यूबने फ्लोरोसन्स होतो (लोखंड स्वतःच क्ष-किरण सोडतं), पार्श्वभूमी वर उचलली जाते आणि बारीक पीकं तिच्यात बुडतात.

फिल्म असेल तर दिशेचा घोळ येतो. ताणलेल्या फिल्ममध्ये स्फटिक एकाच बाजूला झोपलेले असतात. परावर्तनात एखादं पीक अवाढव्य आणि बाकीची गायब, त्यावरून काढलेली टक्केवारी निरर्थक. नमुना फिरवत मोजा, शक्य असेल तर पारगमन (किरण आरपार जाणाऱ्या) मांडणीतही मोजा आणि दोन्ही पॅटर्न शेजारी ठेवा.

दोन पीकं, एक की दोन प्रकार?

इथे मात्र दोन यंत्रं एकमेकांना खरी कामाला येतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये १५० आणि १६५ च्या आसपास दोन पीकं दिसली तर नेहमीच्या अल्फा स्फटिकांसोबत बीटा या दुसऱ्या रचनेच्या स्फटिकांची शंका घ्या आणि एक्सआरडीत १६.१ अंश बघा. तिथे पीक असेल तर बीटा आहे. अल्फाची पीकं १४.१, १६.९ आणि १८.५ ला येतात. किती बीटा आहे हे डीएससीच्या क्षेत्रफळावरून काढू नका. बीटा वितळता वितळता त्यातला काही भाग अल्फा होऊन परत स्फटिकतो आणि १६५ चं पीक फुगवतो. प्रमाण एक्सआरडीवरूनच काढा, बीटाच्या पीकाची उंची भागिले ती आणि अल्फाची तीन पीकं यांची बेरीज.

एक्सआरडीत एकच प्रकार दिसत असेल तर डीएससी ५, १०, २०, ४० अंश प्रति मिनिट अशा वेगांनी करा. वेग वाढवल्यावर वरचं पीक लहान होत गेलं तर तो वितळून पुन्हा स्फटिकण्याचा प्रकार, कारण वेगात त्याला वेळच मिळत नाही. पीएलएमध्ये वितळण्याच्या ऐन आधी एक छोटा एक्सोथर्म दिसला तर तो अल्फा-प्राइमचा (जरा विस्कळीत रचनेच्या स्फटिकांचा) अल्फा होतोय.

कुबड कसं सोललं?

एक्सआरडीवाल्यांचीही एक झाकली मूठ आहे. स्फटिकता म्हणजे पीकांचं क्षेत्रफळ भागिले एकूण क्षेत्रफळ. पण कुबडाचा आकार सॉफ्टवेअरला मोकळा सोडला तर तो हवा तसा पसरतो आणि दहा टक्के इकडचे तिकडे होतात. कुबड खऱ्या अमॉर्फस नमुन्यावरून घ्या. पेटसाठी वितळवून बर्फाच्या पाण्यात टाकलेला तुकडा चालतो. पॉलिथिलीन तसं गोठवता येत नाही, त्याला वितळलेल्या अवस्थेतला पॅटर्न लागतो. कोनांची सीमा आणि पार्श्वभूमी सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा.

उलट्या बाजूचा धोकाही आहे. तीनेक नॅनोमीटरच्या स्फटिकाचं पीक जवळपास पावणेतीन अंश रुंद होतं, आणि एवढं रुंद पीक कुबडात मिसळून जातं. डीएससीला ते स्फटिक दिसतात, एक्सआरडीला जवळजवळ नाही. इथे डीएससीचं ऐका.

आता मशीन

इतकं करूनही जुळेना तर डीएससीत इंडियम (वितळबिंदू पक्का माहीत असलेला धातू) चालवा. वितळण्याची सुरुवात १५६.६ अंशांना आणि उष्णता साडेअठ्ठावीस जूल प्रति ग्रॅमच्या आसपास यायला हवी. पेट किंवा नायलॉन बघत असाल तर २३१.९ ला वितळणारं कथिलही. एक्सआरडीला सिलिकॉनचं मानक.

खर्चिक तपासणी म्हणजे गरम करत करत एक्सआरडी. तिचा एक सापळा: डीएससी दहा अंश प्रति मिनिटाने १०० वरून १३० ला तीन मिनिटांत जातं, एक्सआरडी प्रत्येक तापमानाला थांबून स्कॅन घेतं आणि पॉलिमर त्या थांब्यावर स्फटिकत बसतं. शिवाय स्टेजचं थर्मोकपल एक तापमान सांगतं, फिल्मच्या पृष्ठभागाचं दुसरंच असतं. त्याआधी स्वस्तातली युक्ती करून बघा. डीएससीतच नमुना १४० पर्यंत तापवा, झटकन थंड करा, बाहेर काढून एक्सआरडी करा. वाटेत काय घडलं ते बहुतेक वेळा यातच दिसतं. एका पॅनमधला माल एक्सआरडीला अपुरा पडतो, म्हणून तीन-चार पॅन करा आणि किरण सांडणार नाहीत असा छोटा होल्डर घ्या.

इथे थांबा

पीव्हीसी, ब्रोमिनयुक्त अग्निरोधक घातलेला माल किंवा नाव-गाव नसलेला नमुना आधी टीजीएत घाला. पीव्हीसीतून सुटणारं हायड्रोजन क्लोराइड डीएससीचा सेल खाऊन टाकतं. सेल साफ करून, पुन्हा कॅलिब्रेट करूनही इंडियम जुळत नसेल तर सेन्सर खरवडत बसू नका, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. एक्सआरडीचा दरवाजा, शटर, इंटरलॉक (दार उघडताच किरण बंद करणारी यंत्रणा), ट्यूब, यांतल्या कशालाही स्वतः हात लावायचा नाही. इंटरलॉक "तात्पुरता" बायपास करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही सीनिअर असो. ही यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात. संस्थेच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा आणि यंत्र बंद ठेवा.

काही प्रश्न मशीनचे नसून तज्ज्ञाचे असतात. काचसंक्रमणाच्या पायरीवरून अमॉर्फस भाग काढून शंभरातून वजा केला की स्फटिकता अवाच्या सवा येते, कारण स्फटिकांना जखडलेला ताठ अमॉर्फस भाग त्या पायरीत भागच घेत नाही. पूर्ण अमॉर्फस पेटची पायरी सुमारे ०.४ जूल प्रति ग्रॅम प्रति केल्विन असते. तुमची ०.१६ आली आणि एक्सआरडी स्फटिकता ३० टक्के म्हणत असेल, तर उरलेला ३० टक्के तो ताठ भाग आहे. प्रबंधात हे मांडायचं असेल तर पॉलिमर भौतिकीवाल्या माणसाजवळ बसा. खरोखर एकाच वेळी, तापवतानाच किरण हवे असतील तर सिंक्रोट्रॉनसाठी (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रासाठी) प्रस्ताव लिहा. इंदूरला इंडस-२ वर लहान आणि मोठ्या कोनांच्या विखुरणाची बीमलाइन आहे.

आणि माल नाकारण्यावरून पुरवठादाराशी वाद चालू असेल तर घरच्या लॅबच्या आकड्यावर लढू नका. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा, पण ही नेमकी चाचणी त्यांच्या मान्यतेत बसते का ते आधी विचारून घ्या. नमुन्यासोबत चिठ्ठी द्या: तुकडा कुठून कापला, कधी मोल्ड झाला, सुकवला असेल तर किती अंशांना आणि किती तास, फिलर किती, आणि आकडा पहिल्या हीटचा हवा.